बेदाण्याचं खोकं, अक्षरांचे गुरू आणि एआय : उपयोजित कलेच्या विद्यार्थिनीला सल्ला हवा (सांगली)

हरिपूरची_रेघ
नमस्कार मंडळी. उपयोजित कला, तिसरं वर्ष. प्रकल्प असा आहे : तासगाव भागातल्या एका काल्पनिक बेदाणा ब्रँडसाठी शब्दाचा लोगो, अर्ध्या किलोचं मोनो कार्टन, म्हणजे पातळ पुठ्ठ्याचं खोकं (पुढची बाजू १२ बाय १८ सेंमी), मोठी कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याची) पेटी आणि दुकानावरचा ८ बाय ३ फुटांचा बोर्ड. सोबत टिपण द्यायचंय. त्यात दोन गोष्टी लिहायच्यात : आपल्या कामावर कोणाचे प्रभाव आहेत, आणि नव्या तंत्राने, म्हणजे मुख्यतः एआयने, कामात काय फरक पडला.

वर्गात बहुतेकांच्या यादीत तीच परदेशी नावं आहेत. मराठी अक्षरांवर काम करायचं तर पाहायचं कोणाचं आणि पाहायचं कसं? आणि एआयने काढलेलं चित्र थेट कार्टनवर चालेल का?

बोरू_आणि_शाई
आधी प्रभावांबद्दल. पिंटरेस्टवरची साठ चित्रं एका बोर्डावर डकवली म्हणजे प्रभाव दाखवला, असं होत नाही. तिथे सापडतं ते काम बहुधा तिसऱ्या-चौथ्या हातचं असतं. मूळ कोणी, कशासाठी, कुठल्या छपाईसाठी केलं हे गळून गेलेलं असतं, आणि शिकायचं नेमकं तेच असतं.

तीनच स्रोत घ्या. प्रत्येकासाठी एक ए-फोर कागद. त्यावर लिहा : काम कशासाठी होतं, कुठल्या पद्धतीने छापलं, किती रंगांत, अक्षर हाताचं की टाईपचं. मग त्यातला एक तुकडा ट्रेसिंग न करता डोळ्याने पाहून मोठा काढा. जिथे हात अडेल तिथे मूळ कलाकाराने काहीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवणं एका ओळीत लिहा. टिपणात हीच ओळ जायला हवी. ‘मला त्यांची शैली भावते’ एवढ्याने काहीच कळत नाही.

सांगलीत बसून पहिलं नाव कमल शेडगे यांचं घ्यावं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून हे नाटकाचं गाव. आणि मराठी नाटकाच्या जाहिरातीतलं नाव कसं दिसावं हे शेडग्यांनी घडवलं. वर्तमानपत्रातली अरुंद जागा, खडबडीत कागद, बहुधा एकच काळा रंग. एवढ्यात नाटकाचं नाव वाचता आलं पाहिजे आणि त्याची जातकुळीही कळली पाहिजे. पूर्ण शब्दाची मिळून एक आकृती करायची, ही शिकवण लोगोसाठी थेट उपयोगी.

दुसरे र. कृ. जोशी. विंडोजबरोबर येणारा मंगल फाँट त्यांचा. कवी, सुलेखनकार, शिक्षक आणि संगणकावरच्या भारतीय लिप्यांचे अभ्यासक अशी सगळी कामं एकाच माणसाने केली. नव्या तंत्राबद्दल लिहायचंय ना? मग हातातल्या बोरूपासून पडद्यावरच्या फाँटपर्यंत अक्षराचं काय होतं, हे सांगायला यांच्याइतकं योग्य उदाहरण नाही.

तिसरं नाव तुमच्या चित्रकामाच्या कलाने ठरवा. सपाट रंग आणि ठाम रेषा हवी असेल तर दिवाळी अंकांवरचे दीनानाथ दलाल. लिपीकडे ओढा असेल तर अच्युत पालव. मोडीवर त्यांचं मोठं काम आहे, २०२५ ची पद्मश्री त्यांना मिळाली.

परदेशी नावं वाईट नाहीत. स्विस डिझायनर म्युलर-ब्रोकमनची ग्रिड (मजकूर-चित्रं बसवायची आखणी) जरूर शिका. पण ती लॅटिनसाठी आहे, तिथे अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. आपली शिरोरेषेला लटकतात, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. म्हणून ग्रिडची मुख्य आडवी रेघ शिरोरेषेवर धरा आणि ओळींतलं अंतर वाढवा. लॅटिनला अक्षराच्या १२० टक्के पुरत असेल तर देवनागरीला १४०-१५० लागतं. हा बदल का केला, हे टिपणात लिहिलंत तर तो प्रभाव पचवला असं म्हणता येईल.

मेणवलीकर
वरच्या यादीत सातारा जिल्हा राहिला.

औंधचं श्रीभवानी वस्तुसंग्रहालय बघाच. औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे. रविवर्म्याची चित्रं घराघरांत पोचली ती दगडी छाप्यावरच्या प्रतींतून. मूळ तैलचित्र पाहून त्याच्या जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवलं की छपाईत काय हरवतं आणि काय ठळक होतं हे समजतं. पं. सातवळेकरही औंधचेच म्हणायचे. चित्रकार माणूस, आणि वेदांच्या शुद्ध संहिता छापण्यासाठी त्यांनी तिथे छापखाना चालवला. स्वरचिन्हांसकट संस्कृत जुळवणं हे टाईपच्या कामातलं सर्वांत अवघड.

मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. वेलबुट्टीच्या कडा, मोजके मातीचे रंग. कार्टनच्या कडेला नक्षी हवी असेल तर ‘ट्रॅडिशनल बॉर्डर व्हेक्टर’ शोधण्याऐवजी तिथल्या एका कडेचं रेखाटन करा. एकच आकृती किती अंतराने पुन्हा येते आणि कोपऱ्यात कशी वळवली आहे ते मोजा. कोपरा सोडवणं हेच नक्षीतलं खरं काम.

आणि किर्लोस्करवाडी तर तुमच्याच जिल्ह्यात. १९२० पासून तिथून मासिक निघत होतं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले आणि व्यंगचित्रकार. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारातून इतकी देखणी मासिकं निघाली. जुने अंक वाचनालयात मिळाले तर मुखपृष्ठांइतक्याच आतल्या जाहिराती बघा. मजकूर लांब, चित्र लहान, तरी नजर कुठे अडखळत नाही.

छपाई_मिरज
आता खोक्याकडे येऊ. एआयचं चित्र थेट चालेल का, याचं उत्तर आधी आकड्यांत.

पुढची बाजू १२ बाय १८ सेंमी. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) धरली की १२.६ बाय १८.६. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हे साधारण १४९० बाय २२०० पिक्सेल होतं. एआयकडून आलेला १०२४ पिक्सेलचा चौकोन ३०० डीपीआयला जेमतेम ८.७ सेंमी भरतो. ताणलात तर पडद्यावर बरा दिसेल, पण आर्टकार्डावर द्राक्षांच्या कडा मेणासारख्या मऊ येतील. अपस्केलर (चित्र मोठं करणारं साधन) वापरता येतो, पण तो नसलेला तपशील मनाने भरतो, म्हणून बेदाण्याच्या सुरकुत्या एकसारख्या दिसू लागतात. उपाय साधा : चित्र लहान चौकटीत वापरा, नाहीतर बेदाण्याचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा. पांढरा कागद, एका बाजूने उजेड, समोर थर्माकोलचा परावर्तक. चांगल्या मोबाईलवरही काम होतं.

दुसरं, रंग. एआयचं चित्र आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत असतं. हिरव्या बेदाण्याचा तो झळाळता पोपटी सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) येतच नाही, मळकट होतो. फाईल सुरुवातीपासून सीएमवायके प्रिव्ह्यू लावूनच बघा. चारही शायांच्या टक्क्यांची एकूण बेरीज आर्टकार्डवर ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात एका शीटचा डाग दुसऱ्याच्या पाठीवर उठतो. सोनेरी पिवळ्यासाठी मॅजेंटा २५-३०, यलो १०० धरलात तर लक्षात ठेवा की छापताना मॅजेंटाचा ठिपका फुगतो आणि पिवळा नारिंगीकडे झुकतो. दोन-चार टक्के कमीच ठेवा, किंवा तो रंग स्पॉट (आधीच कालवलेली वेगळी शाई) द्या. क्राफ्ट बोर्ड घेणार असाल तर पिवळा त्यात बुडतो, खाली पांढरा थर लागतो.

तिसरं, बारीक मजकूर. घटक, वजन, पत्ता हे सगळं फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के के (काळी शाई), ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापणं). चार रंगांचा काळा केलात आणि रजिस्ट्रेशन (रंगांचं एकावर एक बसणं) केसभर सरकलं तर अनुस्वाराला लाल-निळी सावली येते, वाचता येत नाही. गडद चार-रंगी पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं काढू नका. देवनागरीत ‘थ’, ‘क्ष’, ‘ण्ड’ची पोटं आधी भरतात.

कार्टनला ३०० ते ३५० जीएसएमचा बोर्ड पुरतो. चिकटवायच्या पट्टीवर शाई, वार्निश, लॅमिनेशन काही नको, गोंद धरत नाही. डायलाईन (कापायच्या आणि दुमडायच्या रेघा) वेगळ्या लेयरवर, वेगळ्या स्पॉट रंगात, ओव्हरप्रिंट करून द्या. क्रीजवर गडद रंग आणि वर लॅमिनेशन नाही, अशी जोडी असेल तर घडीवर पांढरी भेग पडते.

हरिपूरची_रेघ
खूप आभार, काका. दोन अडचणी आहेत. मजकूर एका डीटीपीवाल्यांकडून श्रीलिपीत (मराठी टाईपिंगची जुनी प्रणाली) आलाय, इलस्ट्रेटरमध्ये टाकला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) टाईप केला तर वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. शिवाय एआयला ‘शुद्ध बेदाणा’ लिहायला सांगितलं तर ‘द्ध’ काहीतरी वेगळंच येतं. असं का?

युनिकोड_कराड
तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत.

श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोड नाहीत. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट बदलला की खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. कन्व्हर्टरमधून काढा, पण ज्या फाँटमालिकेचा मजकूर आहे तीच निवडा. नंतर डोळ्यांनी तपासा : रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’, अवतरणचिन्हं आणि आकडे. चुका याच जागी राहतात.

वेलांटी सरकते कारण इलस्ट्रेटर देवनागरीची जुळणी करत नाहीये. ‘कि’ लिहिताना संगणक आधी क आणि मग वेलांटी साठवतो. दाखवताना वेलांटी पुढे आणायचं काम जुळणीच्या इंजिनचं. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाईप विभागात ‘इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाईनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’, फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. कोरलड्रॉची फार जुनी आवृत्ती असेल तर युनिकोड मराठी तिथे नीट बसणार नाही. इलस्ट्रेटरमध्येच जुळवून, कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) पीडीएफ न्या. कर्व्ह करण्याआधीची मूळ फाईल जपून ठेवा. किंमत किंवा पत्ता बदलला की तिचीच गरज पडते.

आणखी एक गोष्ट फार जणांकडून सुटते. अनेक फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ मुळात हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचे ल, श हवेत ही आपल्याकडची रीत आहे, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही तेच आहे. बऱ्याच चांगल्या फाँटांमध्ये मराठी रूपं आत दडलेली असतात. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा ‘मराठी’ केली की बाहेर येतात. टिरो देवनागरी मराठी हा फाँट तर मराठी वळण धरूनच केलाय. एक टाईपचे मुक्त, बलू, अनेक हेही मोफत आणि मुक्त परवान्याचे, धंद्याच्या कामात वापरता येतात. चोरीचा फाँट प्रकल्पातही नको.

ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका. लॅटिनमध्ये अक्षरं सैल सोडलेली ऐटबाज दिसतात, आपल्याकडे शिरोरेषा तुटते.

एआयच्या ‘द्ध’बद्दल. चित्र बनवणारं मॉडेल अक्षराचे नियम पाळून लिहीत नाही, अक्षरासारखा दिसणारा आकार रंगवतं. ज्या चित्रांवर ते शिकलं त्यात इंग्रजी पाट्या भरपूर, देवनागरी त्या मानाने फार थोडी, आणि जोडाक्षरं त्याहून थोडी. नवी मॉडेलं साधे शब्द बरे लिहितात, पण ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ऱ्या’ इथे घसरतात. म्हणून सांगताना ‘मजकूर नको, वरचा तिसरा भाग मोकळा ठेव’ असं सांगा आणि अक्षर स्वतः बसवा.

बोरू_आणि_शाई
लोगोचं अक्षर मात्र फाँटमधून घेऊ नये, हे माझं ठाम मत. ‘बेदाणा’ हा शब्द काढून बघा. ‘द’ला पूर्ण उभा दंड नाही, त्याच्या खाली-डावीकडे मोकळी जागा पडते. ‘णा’त मात्र ‘ण’चा दंड आणि काना असे दोन उभे खांब शेजारी. त्यामुळे शब्द मधे हलका आणि उजवीकडे जड होतो. फाँट हे आपोआप सोडवत नाही. ‘द’चं पोट थोडं मोठं करा, त्याची शेपटी कान्याखाली ओढा, शेवटचे दोन दंड जवळ घ्या. डावीकडे ‘बे’ची मात्रा वर जाते, तिचा कल आणि ‘द’च्या शेपटीचा कल जुळवलात तर शब्द तोललेला दिसेल.

क्रम असा ठेवा : बोरूने किंवा कट निबने काढा (देवनागरीचं टोक लॅटिनच्या उलट बाजूला तिरकं कापलेलं लागतं, नाहीतर जाड-बारीक उलटं पडतं). उंची टोकाच्या रुंदीच्या चार ते सहा पट. चांगलं उतरेल ते ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि पेन टूलने हाताने बाह्यरेषा काढा. ऑटो ट्रेस नको. तो एका गोलाईला वीस-वीस नोड (बिंदू) टाकतो आणि कटिंग प्लॉटरवर कड थरथरते. नोड गोलाईच्या टोकांवर, हँडल सरळ आडवी-उभी.

तासगावचा_मांडव
एआयला सगळेच झोडताहेत म्हणून लिहितो. दुकानदाराला दाखवायचं मॉकअप (तयार मालासारखं नमुनाचित्र), फोटोची पार्श्वभूमी काढणं, एकाच डिझाईनची सहा मापं, कच्च्या कल्पनांचे वीस पर्याय : या कामांचे तास वाचतात. हे वापरणं यायलाच हवं, काम देणारे विचारतात.

पण विषयाची माहिती आपल्याला हवी. ‘सांगलीचा बेदाणा’ म्हणून चित्र मागा, टेकडीच्या उतारावरचे युरोपी मळे येतात आणि उन्हात जमिनीवर पसरलेली द्राक्षं. आपल्याकडे द्राक्ष मांडवावर असतं. बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमधल्या एकावर एक जाळ्यांवर सावलीत वाळवतात. सावलीमुळेच तो हिरवट-सोनेरी राहतो. खोक्यावर उन्हात वाळवण दाखवलंत तर तासगावचा कुठलाही शेतकरी ते चुकीचं आहे हे सांगेल. मिरजेचा तंबोरा मागून बघा : चार तारांना चार खुंट्या, दोन समोर आणि दोन बाजूंना, हे क्वचितच बरोबर येतं.

बोरू_आणि_शाई
पर्यायांबद्दल एक विरोध नोंदवतो. वीस पर्याय एआयने आधी काढले की विद्यार्थी त्या विसांतच निवड करतो. आधी अंगठ्याएवढी तीस रेखाटनं कागदावर, मग एआय. क्रम उलटला की प्रभाव तुमचा राहत नाही, मॉडेलला जे सरासरी वाटतं त्याचा होतो.

तासगावचा_मांडव
पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी हे मान्य. धंद्यात संध्याकाळी सांगून सकाळी मागणारं गिऱ्हाईक असतं, तिथे हा क्रम प्रत्येक वेळी पाळता येत नाही.

लेबल_विश्रामबाग
कायद्याचं कोणी बोललं नाही, आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

शाकाहारी चिन्ह : हिरवा गोल, बाहेर हिरवा चौकोन, चौकोनाची बाजू गोलाच्या व्यासाच्या दुप्पट. तुमची पुढची बाजू २१६ चौ. सेंमी, म्हणजे १०० ते ५०० च्या गटात. तिथे व्यास किमान ४ मिमी, चौकोन ८ मिमी. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक १४ अंकी, तेवढी जागा सोडा. बारकोडचं मूळ माप ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. पट्ट्या काळ्या, मागे पांढरं. लाल किंवा नारिंगी पट्ट्या स्कॅनरच्या लाल उजेडात दिसतच नाहीत.

ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून बघा : सुका मेवा वर्ग २९, मसाले आणि हळद वर्ग ३०. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव वा चिन्ह सजावट म्हणून टाकू नका; त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

एआय चित्राचा मालक कोण? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कामाचा कर्ता म्हणजे ते घडवून आणणारी व्यक्ती असं आलं आहे. पण ती तरतूद आजच्या एआयच्या आधीची. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ साली एका चित्रकथेतल्या एआय चित्रांना संरक्षण नाकारलं. म्हणून लोगोसारखी गोष्ट, जी पुढे राखायची आहे, ती हाताची असावी.

हरिपूरची_रेघ
लोगो बोरूनेच काढते आणि कार्टनवर फोटो वापरते. कोरुगेटेड पेटीवर तोच लोगो लहान केला तर चालेल ना?

छपाई_मिरज
नाही, पेटीसाठी वेगळी आवृत्ती करा. ती फ्लेक्सोने छापली जाते : रबरासारखी मऊ प्लेट, पातळ शाई, खाली नालीदार कागद. दाबाने रेघ पसरते. एक मिमीपेक्षा बारीक रेघ ठेवू नका, उलट्या पांढऱ्या अक्षरांना दीड मिमी धरा. एकच रंग, ग्रेडियंट नाही. ‘बे’ची मात्रा आणि शिरोरेषा यांच्या कोपऱ्यात शाई साचते, तिथे आतून छोटी खाच द्या. ‘णा’चे दोन दंड जवळ घेतले असतील तर पेटीसाठी ते पुन्हा थोडे लांब करा.

बोर्डाचंही सांगून ठेवतो. ८ बाय ३ फूट, ७२ डीपीआयला ६९१२ बाय २५९२ पिक्सेल. लोगो व्हेक्टरच (कितीही मोठा केला तरी कडा न फाटणारा) द्या. चारी बाजूंना दोन इंच मोकळे सोडा, तिथे चौकटीवर फ्लेक्स दुमडतो. फाईलच्या नावात माप लिहा आणि सोबत एक जेपीजी ठेवा, म्हणजे मशीनवाल्याला उघडल्यावर काय दिसायला हवं ते कळेल.

युनिकोड_कराड
आणि त्या जेपीजीत वेलांट्या जागेवर आहेत का, ते पाठवण्याआधी मोठं करून बघा. फाँट फाईलमध्ये न घालता पीडीएफ गेली की दुसऱ्याच्या संगणकावर पहिली हलते ती वेलांटीच.